मोडलेल्या हाडाची भरपाई

ग्रामीण भागात बांधकामांना आता बाराही महिने खंड नसतो. शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, घरकुले आणि समाजमंदिरे यांची कामे एका गावात संपतात न संपतात तोच शेजारच्या गावात सुरू होतात. परांचीवर उभा राहून भिंत रचणारा गवंडी, डोक्यावर घमेले घेऊन शिडी चढणारी मजूर स्त्री, स्लॅब वाळल्यावर सेंट्रिंगच्या फळ्या खाली उतरविणारा बिगारी हे सारे दिवसभर जमिनीपासून दहा-पंधरा फूट उंचीवर वावरत असतात. त्यांपैकी कोणाचा तरी पाय एखाद्या दिवशी चुकतो. ठेकेदार त्याला दवाखान्यात नेतो, प्लास्टर घालून आणतो, हातावर दोन-तीन हजार रुपये ठेवतो आणि बरे वाटल्यावर कामावर येण्यास सांगतो. हा ठेकेदाराचा चांगुलपणा होय, असे गाव मानते. तो चांगुलपणा असेलही. परंतु कायद्याच्या दृष्टीने तेथे हिशेबाला सुरुवातदेखील झालेली नसते.

कामावर असताना झालेल्या दुखापतीबद्दल भरपाई मिळणे हा उपकार नसून हक्क आहे, हे तत्त्व भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने प्रस्थापित केले. हा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. २००९ च्या दुरुस्तीने त्याचे नाव ‘कर्मचारी नुकसानभरपाई कायदा’ असे झाले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्यावर हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या सातव्या प्रकरणात गेला. नाव आणि कलमांचे क्रमांक बदलले, तरी शंभर वर्षांत घडत गेलेला मूळ सांगाडा नव्या प्रकरणातही कायम राखण्यात आला आहे. म्हणूनच जुन्या कायद्याखालील निवाडे आजही मार्गदर्शक ठरतात.

या तत्त्वामागचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. इंग्लंडमध्ये एका खाटकाच्या गाडीवर काम करणाऱ्या पोऱ्याचे, जादा माल भरलेली गाडी मोडून, मांडीचे हाड मोडले. ज्यूरीने त्याला शंभर पौंड देवविले. पण १८३७ साली ‘प्रीस्टली विरुद्ध फाउलर’ या खटल्यात वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरविला. नोकरी पत्करणाऱ्याने तिच्यातील धोकेही पत्करलेले असतात, अशी विचारसरणी त्या निकालातून पुढे रूढ झाली. मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई देणारा कायदा इंग्लंडमध्ये १८९७ साली आला आणि भारतात त्यानंतर सव्वीस वर्षांनी. चूक कोणाची, हा प्रश्न भरपाईच्या दाव्यात मुळातच गौण आहे. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला काय, एवढेच पाहावयाचे असते.

हाड मोडते तेव्हा

उंचावरून पडणाऱ्या मनुष्याची हाडे कोठे मोडतील हे बहुधा तो कसा पडला यावर अवलंबून असते. पुढे कलंडताना तो हात टेकवितो आणि मनगटाजवळचे हाड मोडते. पायांवर उभा पडला तर टाचेच्या हाडाचा चुरा होतो. आणि तोच आघात वर चढून कमरेच्या मणक्यालाही इजा करू शकतो. टाचेच्या वेदनेपुढे पाठीचे दुखणे रुग्णाच्या ध्यानी येत नाही. म्हणून उंचावरून पायांवर पडलेल्याच्या टाचेबरोबर पाठीचीही तपासणी आणि एक्स-रे आवश्यक समजले जातात. कुशीवर पडल्यास खुबा किंवा मांडीचे हाड मोडते. मांडीच्या हाडाच्या अस्थिभंगात आत एक लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्तस्राव होऊ शकतो. बाहेर एक थेंबही न दिसता रुग्ण अत्यवस्थ होतो तो त्यामुळे.

अशा जखमीला दोघांनी बगलेत धरून उभे करणे आणि मोटारसायकलवर मध्ये बसवून नेणे ही आपल्याकडची सर्रास पद्धत मणक्याच्या रुग्णाला जन्माचे पांगळे करू शकते. पाठ किंवा मान दुखत असल्यास, पाय बधिर वाटत असल्यास अथवा हलविता येत नसल्यास त्याला आहे त्या स्थितीत ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. नेणे भागच पडले तर सपाट फळीवर, मान व पाठ एका रेषेत ठेवून न्यावे. सेंट्रिंगची फळी बांधकामावर हाताशीच असते.

हाडवैद्याविषयीही स्पष्ट बोलणे भाग आहे. मुरगळणे आणि साधे लचकणे यांवर त्यांच्या हाताला गुण येतो, असा अनेकांचा अनुभव सांगितला जातो. परंतु मोडलेल्या हाडावर कामट्या करकचून बांधल्या आणि सूज वाढत गेली, तर रक्तपुरवठा तुटून काही तासांत स्नायू मरू लागतात. कोपराजवळ हाड मोडलेल्या मुलांचे हात अशा बांधणीने कायमचे आखडल्याची उदाहरणे अस्थिरोगतज्ज्ञांना चांगली परिचित आहेत. बोटे थंड पडणे, निळी होणे, बधिर होणे किंवा ताणताच असह्य दुखणे ही त्याची पूर्वसूचना होय. बांधणी प्लास्टरची असो वा कामट्यांची, ती तत्काळ सैल करवून घ्यावी. दुसरी गोष्ट दाव्याशी संबंधित आहे. हाडवैद्याकडे कागद तयार होत नाही. केसपेपर नाही, एक्स-रे नाही, दुखापतीची तारीख नाही. सहा महिन्यांनी हाड वाकडे जुळल्याचे दिसते, तेव्हा ते कामावरच मोडले होते हे दाखविण्यास हाती काही उरत नाही.

किती मिळते आणि कशाच्या आधारे

दुखापतीमुळे तीन दिवसांहून अधिक काळ काम बुडाले, तर मालकाचे दायित्व सुरू होते. कामगार काही काळच अंथरुणाला खिळून राहिला आणि पुढे पूर्ण बरा झाला, तर त्या काळात मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम दर पंधरवड्याला, म्हणजे महिन्याला सुमारे निम्मे वेतन, मिळाले पाहिजे. अशा हप्त्यांची कमाल मर्यादा पाच वर्षे आहे. प्रत्यक्ष औषधोपचाराचा खर्च मालकानेच सोसावयाचा, अशी तरतूद २००९ च्या दुरुस्तीने झाली. आणि उपचारासाठी मालकाने दिलेला पैसा भरपाईतून वजा करता येत नाही. ‘दवाखान्याचे बिल मी भरले, आता काय देणे लागते?’ हा ठेकेदाराचा प्रश्न नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर असे की, बिल निराळे आणि भरपाई निराळी.

कायमचे अपंगत्व आल्यास एकरकमी भरपाई मिळते. संपूर्ण अपंगत्व असेल तर मासिक वेतनाच्या ६० टक्के आणि मृत्यू झाल्यास ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे असते. हा गुणक विसाव्या वर्षी २२४.००, पस्तिसाव्या वर्षी १९७.०६, तर पन्नासाव्या वर्षी १५३.०९ असा उतरत जातो. कारण तरुणाच्या कमाईची वर्षे अधिक बुडतात. हिशेबात धरावयाच्या वेतनाची मर्यादा केंद्र शासनाने ३ जानेवारी २०२० पासून दरमहा रु. ८,००० वरून रु. १५,००० केली.

महिना रु. १२,००० मिळविणाऱ्या पस्तीस वर्षांच्या गवंड्याचे उदाहरण घेऊ. संपूर्ण अपंगत्वाबद्दल रु. ७,२०० गुणिले १९७.०६, म्हणजे रु. १४,१८,८३२ होतात. अपंगत्व अंशतः असेल तर कमाईची क्षमता जितके टक्के घटली तितका या रकमेचा भाग मिळतो. २५ टक्के घट मानली गेली तर रु. ३,५४,७०८. यावरून डॉक्टरांच्या दाखल्यावरील एका आकड्याचे मोल ध्यानी यावे. दहा टक्क्यांच्या फरकाने या गवंड्याच्या पदरात सुमारे एक लाख बेचाळीस हजार रुपये कमी किंवा अधिक पडतात.

हा आकडा ठरतो कसा, येथेच बहुतेक दावे अडखळतात. कायद्याच्या अनुसूचीत अवयव तुटण्याचे टक्के दिलेले आहेत: अंगठा गेल्यास ३०, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५०, दोन्ही हात गेल्यास १००. परंतु मोडून जुळलेल्या हाडाला अनुसूचीत स्थान नाही. वाकडे जुळलेले मनगट, न वळणारा गुडघा, चुरा झालेली टाच या ‘अनुसूचीत नसलेल्या’ दुखापती होत. त्यांबाबत कमाईची क्षमता किती घटली याचे मूल्यमापन वैद्यकीय व्यावसायिकाने करावयाचे असते. शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोटा ताठरल्यामुळे लेखनिकाचे जे नुकसान होते, त्याहून कितीतरी अधिक नुकसान शिडी चढणाऱ्या रंगाऱ्याचे होते. दाखला मागताना ‘पायाला किती टक्के अपंगत्व’ एवढेच विचारून भागत नाही. ‘हा मनुष्य उंचावर चढून करावयाचे आपले काम यापुढे करू शकेल काय?’ हा प्रश्न डॉक्टरांपुढे लेखी ठेवावा आणि उत्तरही लेखी घ्यावे.

जेपूरचा सुतार

या मुद्द्यावरील सर्वाधिक उद्धृत होणारा निवाडा पडण्याच्याच अपघातातून निर्माण झाला. ओडिशातील जेपूर येथे एका चित्रपटगृहात सजावटीचे लाकूडकाम करीत असताना ६ जुलै १९६८ रोजी एक सुतार खाली पडला. दुखापत इतकी गंभीर होती की, त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. मालकाने भरपाई दिली नाही. प्रकरण आयुक्तांपुढे गेले तेव्हा त्यांनी साधा विचार केला: सुतारकाम एका हाताने होत नाही. एका हाताने रंधा चालत नाही आणि खिळा धरून ठोकताही येत नाही. सुतार म्हणून हा मनुष्य संपूर्ण अपंग झाला आहे, असे ठरवून त्यांनी पूर्ण भरपाई रु. ९,८०० दिली आणि विलंबाबद्दल निम्मा दंड व सहा टक्के व्याज लावले.

हे अपंगत्व अंशतःच मानावे, असे मालकाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. आणखीही एक गोष्ट त्या निकालाने पक्की केली, आणि व्यवहारात ती अधिक मोलाची आहे. भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशीच. आयुक्तांचा निकाल लागेपर्यंत आपले काही देणे नाही, हा मालकाचा पवित्रा न्यायालयाला मान्य झाला नाही. हा निकाल चार न्यायमूर्तींच्या पीठाचा आहे आणि १९७६ च्या निकालसंग्रहात तो प्रसिद्ध झाला. व्याज अपघातापासून मोजावयाचे की निकालापासून, याविषयी मधल्या काळात संदिग्धता उत्पन्न झाली होती. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने या जुन्या निकालाकडेच परत बोट दाखविले. भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत न दिल्यास सरळ व्याजाने १२ टक्के आणि विलंबाला समर्थनीय कारण नसल्यास निम्म्यापर्यंत वाढीव रक्कम, असा आजचा दर आहे. वर सांगितलेल्या गवंड्याचे साडेतीन लाख तीन वर्षे अडवून ठेवणाऱ्याला नुसते व्याजच सव्वा लाखाहून अधिक पडेल. दावा लांबविणे मालकाला फायद्याचे असते, हा समज या हिशेबाने दूर व्हावयास हरकत नाही.

कामगाराचीच चूक होती तर?

परांचीवर नीट पाहून पाय ठेवला नाही, पट्टा बांधला नाही, घाई केली, हे आक्षेप हमखास घेतले जातात. निष्काळजीपणामुळे हक्क बुडत नाही. दारू वा मादक द्रव्याचा अंमल, सुरक्षिततेसाठी दिलेला स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणे आणि सुरक्षिततेचे साधन हेतुपुरस्सर काढून टाकणे एवढ्याच गोष्टी मालकाच्या बचावाला येतात. आणि मृत्यू अथवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर त्यादेखील येत नाहीत. ज्या कामावर पट्टा दिलाच नव्हता, तेथे तो न बांधल्याचा आरोप टिकत नाही.

कामगार रोजंदारीवरचा होता, दोनच दिवस आला होता, हजेरीपटावर नाव नव्हते, या सबबींचेही बळ ओसरले आहे. नैमित्तिक मजुरांना वगळणारे शब्द २००० च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आले. कामावर जाता-येता झालेल्या अपघाताचीही आता दखल घेतली जाते. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटेच्या पाळीसाठी निघाला असता वाटेत अपघातात मरण पावला. त्याच्या कुटुंबाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मान्य केला. नवीन संहितेत घर ते कामाची जागा हा प्रवास शब्दशःच समाविष्ट आहे.

‘काही मागणी नाही’ असा कागद दवाखान्यातच सही-अंगठ्यासह करून घेण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. हक्क सोडून देणारा असा करार १९२३ च्या कायद्याने सुरुवातीपासूनच निरर्थक ठरविला होता. अंगठा उठला म्हणून कामगाराने घाबरून जाण्याचे कारण नाही.

ग्रामपंचायतीचा संबंध

ठेकेदाराला काम दिले की आपली जबाबदारी संपली, असे अनेक सरपंच व ग्रामसेवक मानतात. वस्तुस्थिती तशी नाही. जो आपल्या धंद्यातील काम ठेकेदाराकडून करून घेतो, त्या मुख्य मालकाकडूनही भरपाई मागता येते. त्याने ती दिल्यास ठेकेदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला राहतो. ग्रामपंचायतीचा धंदा कोणता, असे कोणी विचारील. १९२३ च्या कायद्यातच याचे उत्तर देऊन ठेवले होते: स्थानिक प्राधिकरणाने आपले अधिकार वापरणे व कर्तव्ये पार पाडणे हाच त्याचा धंदा समजावा. अपघात मात्र संबंधित बांधकामाच्या जागेवर किंवा तिच्या आसपास झालेला असला पाहिजे. शाळेच्या खोलीचे काम देताना ठेकेदाराने कामगारांचा विमा उतरविला आहे काय, हे पाहणे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या हिताचे आहे ते यासाठी. स्वतःचे राहते घर बांधून घेणाऱ्या शेतकऱ्याला हा नियम सहसा लागू होत नाही, कारण घर बांधणे हा त्याचा धंदा नव्हे. तेथे जबाबदारी ठेकेदाराची.

जेथे कामगार राज्य विमा योजना लागू आहे, तेथे भरपाईचा हा मार्ग बंद असतो आणि योजनेतून लाभ घ्यावा लागतो. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात ती सरासरी वेतनाच्या ९० टक्के देते, म्हणजे वरील हिशेबापेक्षा पुष्कळच अधिक.

ज्याला मालकच नाही, त्याचे काय? स्वतःच्या शेतातील आंब्यावरून पडलेल्या शेतकऱ्याला भरपाई मागण्यास कोणी प्रतिवादी नाही. त्याच्यासाठी राज्य शासनाने २०२३ साली गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना सुरू केली. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव अथवा दोन्ही डोळे निकामी झाल्यास दोन लाख रुपये आणि एक अवयव वा डोळा गेल्यास एक लाख रुपये, असे तिचे स्वरूप आहे. उंचावरून पडण्याचा अपघात तिच्यात अंतर्भूत आहे. परंतु नुसते हाड मोडल्याबद्दल तिच्यातून काही मिळत नाही. वर्षाला वीस रुपयांत मिळणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचेही तसेच आहे. या योजनांची माहिती देताना ही मर्यादा सांगितली नाही, तर पाय प्लास्टरमध्ये असलेला मनुष्य उगाच तालुक्याला खेटे घालीत राहतो.

कागद, मुदत आणि ठिकाण

अपघाताच्या दिवशी जे लिहिले जाते त्याला नंतरच्या शंभर साक्षींची सर येत नाही. रुग्णालयात इतिहास विचारतात तेव्हा ‘घरी पडला’ असे सांगण्याची गळ सोबत आलेला मुकादम पुष्कळदा घालतो. पोलिसांची कटकट नको, हे त्याचे कारण असते. तेच दोन शब्द पुढे दाव्याच्या मुळावर येतात. कोठे, कोणाच्या कामावर, किती उंचीवरून पडला हे केसपेपरवर आल्यावाचून नातेवाइकांनी तेथून हलू नये. एक्स-रेच्या फिल्म, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या, सोबतच्या दोन मजुरांची नावे आणि परांचीचे छायाचित्र एवढे जमविले तरी दाव्याचा पाया घातला जातो. मजुरी रोखीने मिळत असेल तर सहकाऱ्यांचे जबाब आणि त्या कामासाठी लागू असलेले किमान वेतन यांचा आधार घेता येतो.

मालकाला नोटीस शक्य तितक्या लवकर द्यावयाची असते. तीत जखमीचे नाव व पत्ता, अपघाताचे कारण आणि तारीख साध्या भाषेत आली की पुरते. गावातील शिक्षकाने कोऱ्या कागदावर लिहून रजिस्टर पोस्टाने पाठविलेली नोटीस वकिलाच्या नोटिशीइतकीच चालते. नोटीस मिळाल्यावर तीन दिवसांत मालकाने स्वखर्चाने वैद्यकीय तपासणी देऊ केली, तर तिला नकार देऊ नये; नकारामुळे हक्क स्थगित राहतो. हातापायाचे हाड मोडणे ही ‘गंभीर शारीरिक दुखापत’ होय, असे १९२३ च्या कायद्यात स्पष्ट म्हटले होते आणि तिची माहिती सात दिवसांत देण्याचे बंधन होते. तेव्हा हाड मोडणे ही किरकोळ बाब असल्याचा बहाणा कोणत्याच मालकाला शोभणारा नाही.

दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. जुन्या कायद्यात दावा चालविणारा अधिकारी ‘आयुक्त’ म्हणविला जाई, संहितेत त्याला ‘सक्षम प्राधिकारी’ असे नाव आहे. अपघात जेथे झाला तेथेच दावा लावावा लागतो, हा समज चुकीचा आहे. कामगार सामान्यतः जेथे राहतो त्या भागातही तो दाखल करता येतो. पुण्याच्या इमारतीवरून पडून नांदेड किंवा बीड जिल्ह्यातील आपल्या गावी परतलेल्या मजुराला ही सवलत फार उपयोगी आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ अन्वये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. अर्जासोबत केसपेपरची आणि ओळखपत्राची प्रत जोडावी व पोच घेऊन ठेवावी.